पाखरं आणि राखणदार

पुण्यात आयशाचं काम होतं लोकांना चालवणं. ती ज्या छोट्या कंपनीत होती तिथे मोबाईलवर खेळायचे, पण घरात बसून खेळता न येणारे खेळ बनत. फोन घेऊन जुन्या पेठांतून फिरायचं. एखाद्या चौकात पोचलं की फोनला कळायचं, माणूस इथे उभा आहे, आणि कानात गोष्टीचा पुढचा तुकडा ऐकू यायचा. कुठे कोडं सुटायचं, कुठे चोर सापडायचा. सुट्टीच्या दिवशी कॉलेजातली मुलं हे खेळ खेळायला येत, आणि आयशा लांब उभी राहून बघायची की माणसं कुठे थांबतात, कुठे हसतात, कुठे कंटाळून वडापाव खायला जातात.

२०१८ च्या ईदला ती चिखलीला घरी आली. तिचे वडील वहाबभाई यांचं बाजारपेठेत बारदान्याचं दुकान होतं. पोती, सुतळी, ताडपत्री. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्या मुलखाची कपाशी खाल्ली होती, त्यामुळे कापसाच्या हंगामासाठी भरलेला माल दुकानात तसाच पडून होता. थप्प्या छताला टेकल्या होत्या. गिऱ्हाईक यायचं, ते बसायला आणि बोलायला. बोलणं एकच, यंदा काय पेरलं आणि अळी पुन्हा येणार का.

ईदच्या दुसऱ्या दिवशी जयमाला आली. दोघी शाळेत एका बाकावर बसत. जयमाला जवळच्या बोरटेक गावची, तेव्हा रोज एसटीनं यायची. आता ती एका संस्थेत कामाला होती आणि गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बोंडअळीबद्दल सांगायची. शीरखुर्म्याची वाटी संपवून तिनं पिशवीतून एक गुंडाळलेला तक्ता काढला आणि एक पिवळं प्लास्टिकचं फनेलसारखं काहीतरी. त्याला खाली लांब पिशवी लावलेली होती.

हा सापळा, तिनं सांगितलं. आत एक वासाची गोळी असते. मादीचा वास समजून नर पाखरू येतं आणि पिशवीत पडतं. जोडी जुळत नाही, अंडी घातली जात नाहीत. पण एकट्यादुकट्यानं लावून भागत नाही. गावातल्या सगळ्या वावरांत एकाच वेळी लागला तरच उपयोग.

"मंग अडचण काय?" आयशानं विचारलं.

"अडचण हे की सभा घेतली की लोक येतात, चहा पितात अन् डुलक्या घेतात. सापळे वाटले तं निम्म्यांनी गोठ्यात टांगले. अन् माह्या मोठेबाबानं तं हातातच नाई घेतला. त्याइनं नाई घेतला म्हून अर्ध्या गावानं नाई घेतला."

जयमालाचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका उकंडराव, आयशाला लहानपणापासून माहीत होते. जवानीत त्यांनी हुतूतूची मैदानं गाजवली होती, आणि साठी ओलांडल्यावरही ते चालत तसेच, पाय टेकवण्याआधी जमीन जोखत. बीटी कपाशीची सरकी बोरटेकात पहिल्यांदा त्यांनी आणली होती. लोक हसले होते. त्या वर्षी शेजारपाजारच्या पऱ्हाटीत अळ्याच अळ्या आणि उकंडरावांच्या बोंडाला डाग नाही. पुढच्या वर्षी गाव त्यांच्या मागे गेलं. तेव्हापासून त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर बसला होता, की जे काय करायचं ते बियाणं करतं. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच्या हातानं बोंड फोडलं, आत गुलाबी अळी पाहिली, दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, आणि कोणाशी न बोलता उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातला. आता जयमाला सापळ्याचं बोलली की ते म्हणत, एवढं मोठं बियाणं हरलं, तिथं हा डबडा काय करणार.

आयशा सापळा हातात घेऊन फिरवत होती. पाखरू येतं कुठून, तिनं विचारलं. जयमालानं सांगितलं, जिनिंगमध्ये पडलेल्या सरकीतून, घरामागे रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांतून, आणि ज्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपूनही कपाशी उपटली नाही, त्यांच्या वावरातून. किती लांब उडतं? जोर असला तर खूप. त्याला सापळा दिसतो का? दिसत नाही, वास येतो. आणि शेतकऱ्याला पाखरू दिसतं का? दिवसा तर अजिबात नाही.

आयशा प्रश्न विचारता विचारता उभी राहिली होती. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"जयमाला, हा तं खेळ हाये. पुरा खेळ. तू त्याले तक्त्यात कोंबून ठेवलं."

त्याच दुपारी दोघी बाजारपेठेत फिरायला निघाल्या. आयशाच्या डोक्यात खेळ भराभर जुळत होता आणि ती चालता चालता बोलत होती. चिखलीचा बाजार म्हणजे गाव. एकेक गल्ली म्हणजे एकेक वावर. भांडे गल्ली, सराफ्याची गल्ली, बारदाना गल्ली, दालमिलच्या मागची गल्ली. प्रत्येक गल्लीत काही बोंडं, पण ती दिसणार नाहीत, फक्त फोनला माहीत असतील. खेळणाऱ्यांचे दोन गट. एक पाखरं, एक राखणदार. पाखरं बसस्टँडच्या बाजूनं येणार. एखाद्या गल्लीत पाखरू जरा वेळ टिकलं की एक बोंड गेलं. राखणदार पाहिजे तिथे उभा राहून फोनवर सापळा लावू शकतो, पण थोड्या वेळानं त्याचा वास संपतो, पुन्हा लावावा लागतो. पाखरू सापळ्याच्या टप्प्यात आलं की पकडलं गेलं, पुन्हा बसस्टँडपासून सुरुवात.

"अन् एक गल्ली पुरी खाल्ली की?" जयमालानं विचारलं.

"तूच सांग. वावर खाल्लं की काय होते?"

"पाखरं वाढतात."

"मंग इथंबी वाढतील. एक गल्ली पडली की सगळ्या पाखरांचा जोर दुप्पट."

आयशानं सुट्टी वाढवून मागितली. पुण्याच्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवा खेळ करते आहे, चिखलीत. ते गमतीनं म्हणाले, तिथे खेळणार कोण? तिला राग आला नाही, कारण तिला त्या क्षणी खरोखर वाटत होतं की या खेळाला चिखलीसारखी जागा नाही.

पहिली चाचणी फसली. बाजारातल्या पत्र्याच्या छपरांखाली फोन गोंधळायचे. माणूस भांडे गल्लीत उभा असला तरी फोन म्हणायचा, पलीकडच्या नाल्यात आहे. मग आयशानं प्रत्येक सापळ्याचा टप्पा वाढवला, अरुंद गल्ल्या दोन-दोनच्या जोड्यांनी एक केल्या, आणि जिथे फोन हट्टानं चुकतच होते ती जागा खेळातून काढून टाकली. दुसऱ्या चाचणीला जयमालाच्या बचत गटातल्या बाया आल्या. आयशानं पुण्यासारखाच रंगीत नकाशा केला होता. उन्हात तो कोणाला दिसेना. एक बाई नकाशात डोकं घालून चालता चालता हातगाडीवर आदळली आणि टोपलीभर लिंबं रस्त्यावर गेली. सगळ्या मिळून लिंबं गोळा करू लागल्या, हसू लागल्या, आणि आयशा मात्र रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली. नकाशा चुकीचा आहे, हे तिला लख्ख दिसलं होतं. वावरात कोण नकाशा बघतं? पाखराला तर डोळ्यांचं कामच नाही.

त्या रात्रीत नाही, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत तिनं नकाशा पुरता काढून टाकला. आता फोन खिशात किंवा पदराखाली ठेवायचा. सापळा जवळ आला की पाखराचा फोन थरथरणार, आधी हळू, मग जोरात. बोंड गेलं की सगळ्यांच्या फोनवर थाळी वाजणार. आणि वाट सांगायला कानात एक आवाज. पुण्यात असे आवाज नाटकात काम करणाऱ्या मुलींकडून करून घेत. एकदा आयशानं स्वतः बोलून पाहिलं होतं, तर स्टुडिओतल्या माणसानं तिला हसून सांगितलं होतं की तुझं मराठी जरा गावाकडचं येतं. इथे तिला गावाकडचंच हवं होतं. जयमालानं आपल्या मोठीमायला, उकंडरावांच्या बायकोला, आणून बसवलं. झुंबरबाईंनी घसा साफ केला, कागद बाजूला सारला आणि फोनला तोंड लावून, उंबऱ्यात उभं राहून कोंबड्या हाकलाव्यात तशी बोलायला सुरुवात केली. "अरे पाखरा, तिकडं कुठं चालला? सापळा लावला हाये तिथं. फीर मागं." आयशा आणि जयमाला तोंडावर हात धरून हसू दाबत होत्या. एकही वाक्य दुसऱ्यांदा बोलावं लागलं नाही.

जुलैत पाऊस थांबून उघडीप पडली होती. निंदण आटोपलं होतं. एका रविवारी, अडतीचा बाजार बंद असताना, बोरटेकाहून काळीपिवळी जीप भरून आणि मागून एक ट्रॅक्टर अशी माणसं आली. त्यात बचत गटाच्या बाया होत्या, मोतीराम होता, ज्याचं वावर उकंडरावांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होतं, आणि सभेला कधी न येणारे कितीतरी जण होते, कारण जयमालानं सभा म्हटलंच नव्हतं, खेळ म्हटलं होतं. पाखरांच्या गटात चिखलीच्या कॉलेजातल्या मुली-मुलं होती. वहाबभाईंनी दुकान उघडून दिलं. गोण्यांच्या थप्पीवर आयशानं लॅपटॉप ठेवला. त्यावर तिला सगळ्या गल्ल्या आणि सगळे खेळाडू ठिपक्यांसारखे दिसणार होते.

उकंडराव फक्त ट्रॅक्टर चालवत आले होते. ते दुकानाच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. गट मोजले तेव्हा पाखरांत एक जण कमी पडला. जयमालानं त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. हे पोराटोरांचं काम, ते म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं की राखण कोण करतंय. मोतीराम, जयमालानं सांगितलं, अन् मोठीमाय. उकंडरावांनी तंबाखू गालात धरली आणि समोर रस्त्याकडे पाहिलं. मोतीराम कमरेवर हात देऊन उभा होता, भांडे गल्ली माझी, इथं पाखरू येऊन दाखवावं, असं सगळ्यांना सांगत होता.

"आण तो फोन," उकंडराव म्हणाले.

जयमालानं आपला फोन त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवला, एक तार कानात लावून दिली आणि नियम समजावले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पळायचं की चालायचं. मनाला येईल तसं, ती म्हणाली. मग त्यांच्या कानात आवाज सुरू झाला आणि ते दचकून वळले, कारण तो आवाज त्यांच्या बायकोचा होता आणि बायको तर समोर उभी होती. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला.

खेळ सुरू झाला आणि आयशा ठिपक्यांकडे बघायला लागली. राखणदार धावत आपापल्या गल्ल्यांत शिरले. प्रत्येकानं एक गल्ली पकडली होती आणि तिथेच तो सापळ्यांवर सापळे लावत होता. मोतीरामनं तर भांडे गल्ली दोन्ही तोंडांनी बंद केली. कॉलेजची मुलं धावत आली आणि धावत पकडली गेली. त्यांचे फोन थरथरायचे, ती ओरडायची, हसत हसत बसस्टँडकडे परत पळायची. दुकानदार ओट्यांवर येऊन उभे राहिले. पानवाल्यानं विचारलं, काय चालू आहे, तर एका बाईनं त्याला घाईघाईनं सांगितलं, अळी आली, आणि ती पुढे पळाली. तो घाबरून आपल्या पानांकडे पाहू लागला.

एक ठिपका मात्र पळत नव्हता. तो सराफ्याच्या तोंडाशी गेला, थांबला, मागे फिरला. बारदाना गल्लीशी आला, थांबला, फिरला. आयशानं मान वर केली तर दुकानासमोरून उकंडराव चालले होते, हात मागे बांधून, जसे बाजाराला आलेले कुणीही म्हातारे चालतील. पाऊल टाकायचे, फोनची थरथर जोखायचे, पाऊल मागे घ्यायचे. मोतीराम त्यांच्या जवळून दोनदा गेला, त्यानं रामराम घातला आणि तो पुढे गेला. आपण खेळातल्या पाखरालाच रामराम घातला हे त्याला समजलं नाही.

मग तो ठिपका दालमिलच्या मागच्या गल्लीत शिरला. तिथे कोंड्याचे ढीग होते, दुकानं नव्हती, वर्दळ नव्हती. ती गल्ली कोणी घेतलीच नव्हती. थाळी वाजली. सगळ्यांच्या खिशांत, पदरांत, एकदम वाजली. पुन्हा वाजली. राखणदार आपापल्या जागी चपापून उभे राहिले, पण कोणी आपली गल्ली सोडेना, आपल्याकडे तर सगळं ठीक आहे. तिसऱ्यांदा थाळी वाजली आणि दालमिलची गल्ली गेली. पाखरांचा जोर दुप्पट झाला. आता मुलांना गल्लीत थोडंच थांबावं लागत होतं. सराफा गेला. बारदाना गेला.

तेवढ्यात लॅपटॉपवरचे ठिपके जागच्या जागी गोठले. लॅपटॉपला नेट पुरेना. आयशानं दोन-तीनदा बटणं दाबली, मग ती उठली आणि बाहेर पळाली. खेळ कोलमडला असणार असं तिला वाटलं. पण फोनातला खेळ फोनाफोनांत चालूच होता, आणि ठिपके नव्हे तर माणसं तिच्यासमोर धावत होती. बाया पदर खोचून गल्लीच्या कोपऱ्यावर ओणव्या होऊन डोकावत होत्या. दोन मुली हातगाडीमागे लपल्या होत्या आणि हातगाडीवाला त्यांना खूण करत होता, आता जा. मोतीराम आपल्या भांडे गल्लीत घामाघूम होऊन एकटाच उभा होता, त्याच्याभोवती पाखरं चारी बाजूंनी चालून येत होती, एक सापळा लावेपर्यंत दुसऱ्याचा वास सरत होता, आणि शेवटची थाळी वाजली. पुण्यात आयशानं कितीतरी लोकांना चालवलं होतं. पण एक अख्खा बाजार असा जिवंत होताना तिनं आजवर पाहिला नव्हता.

पाखरं जिंकली. सगळी बारदान्याच्या दुकानासमोर जमली. वहाबभाईंनी चहा मागवला. मुलांनी उकंडरावांना मध्ये बसवलं आणि ती विचारू लागली की तुम्ही एकदाही कसे पकडले गेले नाहीत. उकंडराव इतक्या वर्षांत असे खुलले नव्हते. त्यांनी हातवारे करून सगळं सांगितलं. थरथर लागली की मागं यायचं. जिथं राखण भक्कम तिथं डोकं लावायचं नाही. मोतीरामच्या गल्लीपाशी तर त्यांनी पाऊलसुद्धा थांबवलं नाही.

"मी एकच पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "एक मोकळी गल्ली. एक भेटली की काम झालं. मंग मोतीरामनं त्याच्या गल्लीत किती सापळे लावले त्याले काय अर्थ हाये?"

सगळे हसले. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"अन् आपल्या गावात मोकळी गल्ली कोनाची हाये?"

आवाज चढवून म्हणाल्या नाहीत. पण सकाळपासून फोनांतून त्यांचाच आवाज ऐकू येत होता, त्यामुळे तो लगेच सगळ्यांच्या कानात गेला. बोरटेकची माणसं चहाच्या कपाकडे बघू लागली. मोतीरामनं आपल्या धुऱ्यापलीकडचं वावर आठवून मान वळवली. कॉलेजच्या मुलांना काय झालं ते कळलं नाही. जयमालानं आयशाचा हात घट्ट धरला. तिला भीती वाटली की मोठेबाबा आता ट्रॅक्टरवर बसून निघून जातील.

उकंडरावांनी खिशातून फोन काढला, उलटासुलटा पाहिला, पुन्हा खिशात ठेवला.

"पुन्हा खेळा," ते म्हणाले. "मी पाखरूच राह्यतो. अडवा मले."

दुसऱ्या डावाआधी राखणदारांनी वेळ मागून घेतला. ते गोण्यांवर दाटीवाटीनं बसले आणि पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. झुंबरबाई मध्ये. आयशा कान देऊन ऐकत होती आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण खेळ आता तिच्या हातून सुटून यांच्या हातात गेला होता. झुंबरबाईंनी ठरवलं, आधी दालमिलची गल्ली. जी गल्ली कोणाची नाही ती सगळ्यांची. मोतीराम तिथं उभा राहील. बाकी कोणी एकट्यानं गल्ली धरून बसायचं नाही, दोघा-दोघांनी फिरत राहायचं, एकीच्या सापळ्याचा वास सरत आला की दुसरीनं लावायचा. बायांनी ठरवलं की वास सरत आला की हाक मारायची नाही, बांगड्या वाजवायच्या.

या वेळी धावपळ कमी होती. उकंडराव मघासारखेच हात मागे बांधून फिरू लागले. दालमिलकडे गेले, फोन थरथरला, मागे आले. सराफ्याकडे गेले, मागे आले. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थरथर होती. बांगड्या एका कोपऱ्यावर वाजायच्या, मग पुढच्या कोपऱ्यावर. कानात बायकोचा आवाज त्यांना बजावत होता, अरे पाखरा, तिकडं कुठं चालला. मुलं एकेक करून पकडली जात होती. दुकानांच्या ओट्यांवरच्या लोकांना आता खेळ पुरता कळला होता आणि ते श्वास रोखून बघत होते. कोणी पाखरांच्या बाजूनं, कोणी राखणदारांच्या.

शेवटी उकंडरावांनी जुनी हुतूतूची चाल केली. भांडे गल्लीकडे जोरात चार पावलं टाकली, सगळ्यांना तिकडे वळू दिलं आणि एकदम अंग मुरडून बारदाना गल्लीकडे झेपावले. वय विसरून झेपावले. वळणावर थप्पीआड झुंबरबाई फोन हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी सापळा नुकताच लावला होता. उकंडरावांच्या खिशात फोन असा काही थरथरला की त्यांनी छातीवर हात दाबला. दोघं नवराबायको भर बाजारात समोरासमोर उभे राहिले, दोघांनाही धाप लागलेली, आणि चारी बाजूंनी टाळ्या.

उकंडराव हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झुंबरबाईही हसल्या, पण लगेच पदर सारखा करून त्यांनी पुढच्या गल्लीचा सापळा बदलायला जोडीच्या बाईला पिटाळलं. त्या डावात एकही गल्ली पडली नाही.

निघायच्या वेळी सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले तरी उकंडराव खालीच होते. ते जयमालाजवळ आले.

"एकराले किती लागतात ते?"

"काय, मोठेबाबा?"

"सापळे."

जयमालानं सांगितलं. ते म्हणाले, मोतीरामच्या धुऱ्यावर दोघांचा मिळून एक चालत असेल तर तसं बघ, नाहीतर वेगवेगळे लावू. आणि ट्रॅक्टर सुरू केला.

ऑगस्टमध्ये बोरटेकात सापळे लागले. जयमालाला सभा घ्यावी लागली नाही. बाया दोघी-दोघींच्या जोड्यांनी वावरं फिरत, पिशवीत किती पाखरं पडली ते पाहत, गोळी जुनी झाली की बदलत. गावातल्या दोघाचौघांनी तरीही सापळे लावले नव्हते. उकंडराव त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा प्याले आणि फक्त इतकंच सांगून आले की मी पाखरू होतो तेव्हा अशाच वावराच्या शोधात होतो. त्यानंतर तिथेही सापळे लागले.

पुढे पावसानं ओढ दिली. सप्टेंबर कोरडाच गेला आणि कपाशी म्हणावी तशी भरली नाही. पण जी बोंडं आली ती पांढरीशुभ्र उमलली. किडकी बोंडं होती, फार थोडी. सापळ्यांमुळे की आणखी कशामुळे, हे गावात लोक आपापल्या समजुतीनं सांगत. उकंडराव कोणी विचारलं की एवढंच म्हणत, पाखराले गल्ली भेटली नाई.

आयशा पुण्याला जाऊन आली. साहेबांना तिनं दुसऱ्या डावाचं चित्रण दाखवलं, हातगाडीवाला खूण करतो तो भागसुद्धा. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग बरंच बोलणं होऊन ठरलं की ती काही महिने चिखलीतूनच काम करेल आणि असे खेळ बनवेल.

हिवाळ्याच्या सुरुवातीला वरवट बकालहून निरोप आला. तिथल्या लोकांना कोणीतरी खेळाचं सांगितलं होतं, पुढच्या हंगामाआधी आमच्याकडे करा म्हणत होते. आयशा आणि जयमाला खामगाव, शेगाव करत एसटीनं निघाल्या. उकंडराव सोबत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तिथं पाखरांना शिकवायला कोणी लागेलच ना, ते म्हणाले.

वरवट बकालला उतरल्यावर आयशा हातात फोन घेऊन गावातून फिरू लागली आणि थोड्याच वेळात थांबली. चिखलीचा खेळ इथं चालणार नाही. गल्ल्या रुंद, सरळ, लांबपर्यंत मोकळ्या. लपायला कोपरे नाहीत, दुकानांची दाटी नाही. पाखरू दुरूनच दिसेल. आजूबाजूला गावातली माणसं जमली होती, प्रत्येक जण आपापली गल्ली दाखवत होता. उकंडराव एका पारावर चढून उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी चहूकडे पाहिलं. पश्चिमेकडून झुळूक येत होती, रस्त्यावरचा पालापाचोळा एका बाजूला सरकत होता.

"इथं पाखरू लपून येनार नाई," ते म्हणाले. "वाऱ्यावर येईल."

आयशानं पालापाचोळ्याकडे पाहिलं. वाऱ्याच्या दिशेनं गेलं तर पाखराचा जोर वाढेल, उलट गेलं तर थकेल. आणि वारा खेळाच्या मध्येच फिरेल. राखणदारांना आकाशाकडे बघत खेळावं लागेल. तिनं फोन खिशात टाकला आणि जयमालाला हाक मारली. दोघी वाऱ्याच्या दिशेनं गावाच्या टोकाकडे जवळजवळ पळतच निघाल्या, गर्दी त्यांच्या मागे निघाली, आणि आयशा चालता चालता नवे नियम सांगत होती, एक संपायच्या आत दुसरा.